चि. कानिफनाथ यास गोवर झालेल्या मुलीच्या मांडीवर बसविण्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी साहेब (समाजशिक्षण),
पंचायत समिती कचेरी,
जि. अहमदनगर यांचे सेवेशी.

अर्जदार : सौ. लंकाबाई काकासाहेब सुद्रिक, अध्यक्षा, महिला मंडळ, मौजे बेलदरा, मिरजगावनजीक. शिक्षण सातवी पास. धंदा घरकाम व समाजकार्य.

विषय : माझी सून सौ. छबूबाई हिने सुपा येथे माहेरी नेऊन ठेवलेला माझा नातू चि. कानिफनाथ, वय अकरा महिने, यास सरकारी हुकमाने गावी आणवून गोवर झालेल्या मुलीच्या मांडीवर सर्व मातांसमक्ष बसविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे माता-जागृती पंधरवड्याचे परिपत्रक व त्याप्रमाणे दि. २८ फेब्रुवारी १९७१ रोजी गावी झालेला माता मेळावा.

महोदय,

सविनय अर्ज सादर करते की, वरील विषय वाचून आपण चष्मा पुसाल आणि पुन्हा वाचाल. पुन्हा वाचला तरी विषय तोच राहील. हा अर्ज मी चावडीवर बसून माझ्या हाताने लिहीत आहे. समोर गावातील माता बसल्या असून प्रत्येक वाक्य लिहून झाले की मोठ्याने वाचून दाखवावे अशी त्यांची अट आहे. सबब खाडाखोड दिसल्यास ती त्यांची समजावी. अक्षर माझे आहे.

१. आपल्या परिपत्रकात असे लिहिले होते की, गोवर या सांसर्गिक रोगाची लक्षणे मातांना समजावून द्यावीत, म्हणजे त्या वेळीच सावध होतील. लक्षणांच्या चित्रांचा तक्ता मागाहून पाठवू, असेही लिहिले होते. तक्ता आला नाही. मी टपालवाल्यास रोज विचारले. शेवटी तो माझे दार चुकवून मागच्या गल्लीने जाऊ लागला. मेळावा तोंडावर आला, मिरजगावाहून कर्णा आणला, मंडप उभा राहिला, आणि दाखवायला काही नाही. नुसते बोलून या बायकांना काय कळणार? भाषण म्हणजे कीर्तन, ऐकायचे आणि उठताना पदर झटकायचा. म्हणून मी ठरविले की, चित्र नाही तर नाही, गोवर झालेले मूलच मंचावर बसवावे. याहून चांगला तक्ता सरकारी छापखान्यातही निघाला नसता.

२. त्या वेळी गावात दोन-चार घरांत गोवर होता. परंतु त्या घरांच्या दारांना लिंबाचे डहाळे बांधलेले. आमच्याकडे डहाळा दिसला की कोणी उंबरा ओलांडायचा नाही, घरात फोडणी द्यायची नाही, आईने शेजारी जायचे नाही, देवी मुलाच्या अंगात मुक्कामाला आहे असे समजून सगळे दार लावून बसायचे. मी त्या दारांत उभी राहून या अडाणीपणाबद्दल चांगले खडे बोल सुनावले. एकीनेही मूल दिले नाही. डहाळा नसलेले घर एकच निघाले, ते ख्रिस्ती वस्तीतील गवंडी याकोब याचे. त्याची बायको मार्था म्हणाली की, आमच्यात देवी येत नाही, नुसता ताप येतो, पण पोरीला उजेड सोसत नाही, तिला नेऊ नका. मी सांगितले, सरपंचांचा निरोप आहे. सरपंच म्हणजे माझे यजमान. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, पण निरोपाला ते लागत नाही. मग ती पोरीला पाठुंगळी घेऊन आली. मुलीचे नाव दीना, वय आठ. अंगभर लाल पुरळ, डोळे लाल, नाक वाहते, कोरडा खोकला. परिपत्रकातील एकही लक्षण सुटले नव्हते. मला फार समाधान वाटले.

३. मेळाव्यास अध्यक्ष म्हणून आपण यायचे होते. कामाच्या गर्दीने येणे झाले नाही, याबद्दल तक्रार नाही. परंतु आपल्यासाठी आणलेला झेंडूचा हार सकाळपासून परातीत पडून सुकत होता. तो वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने मी तो दीनाच्या गळ्यात घातला. खुर्चीही आपलीच होती. नक्षीची, पाटलांकडून मागून आणलेली, खाली गालिचा. आता बायकांनी काय केले ते ऐकावे.

समोर उंच आसन. त्यावर तापाने डोळे अर्धवट मिटलेली, अंगभर लाल फुललेली, गळ्यात हार घातलेली मुलगी. बायकांनी तिच्याकडे पाहिले, मग एकमेकींकडे पाहिले. जी देवी कोणी घराबाहेर काढीत नाही ती सरपंचीणबाईंनी भर मंडपात आणून बसविली, असा त्यांनी अर्थ घेतला. म्हातारी आक्काबाई प्रथम उठली. तिने मुलीला कुंकू लावले, पदराच्या गाठीतले ज्वारीचे दाणे तिच्या ओटीत टाकले आणि कडेवरचा नातू उचलून तिच्या मांडीवर ठेवला. आमच्या भागात अशी समजूत आहे की, मूल देवीच्या ओटीत घालायचे आणि आपण परत मागून घ्यायचे. मग ते देवीचे झाले, देवी त्याला हात लावीत नाही. आक्काबाईचे पाहून सगळ्याच उठल्या. त्या वस्तीच्या हातचे पाणी न पिणाऱ्या बायका त्याच वस्तीच्या पोरीच्या पायांवर डोकी ठेवीत होत्या. मार्था मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत होती असे म्हणतात, मी पाहिले नाही.

मी त्यांना अडविले का नाही, असे आता जो तो विचारतो. साहेब, या गावात बायका ओळीत उभ्या राहिल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. रेशनच्या दुकानावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या बाया, एकीमागे एक, तोंडातून शब्द नाही. मला वाटले, पुरळ जवळून पाहत आहेत, जागृती होत आहे. मी कर्ण्यावरून आपले परिपत्रक वाचीत होते. ‘हा रोग रोगी मुलाच्या श्वासाने दुसऱ्या मुलास लागतो, सबब रोगी मूल वेगळे ठेवावे’ हे वाक्य महत्त्वाचे म्हणून मी दोनदा वाचले. दोन्ही वेळा बायकांनी माना डोलावल्या आणि ओळ पुढे सरकली.

४. शिमग्याच्या सुमारास घरोघर ताप सुरू झाला. होळीपुढे बोंब मारायला पोरे जमली नाहीत. आधी ताप, मग पुरळ, मग कोणाची छाती भरली, कोणाला जुलाब लागले. आया मुलांचे खाणे तोडून बसल्या, पाणीसुद्धा चमच्याने मोजून पाजू लागल्या. मुलास खाणेपिणे चालू ठेवावे, असे परिपत्रकात स्पष्ट आहे आणि मी ते वाचलेही होते. पण तोवर ओळ संपून बायका घराकडे निघाल्या होत्या, हा माझा दोष नाही. सात मुले गेली. एक तर मिरजगावच्या वाटेवर बैलगाडीतच गेले आणि गाडी तिथूनच माघारी वळविली. यंदा पाडव्याला बेलदऱ्यात गुढी उभी राहिली नाही. दीना मात्र खडखडीत बरी झाली. परवा विहिरीजवळ उड्या मारताना दिसली, तेव्हा मार्थाने धावत येऊन तिला घरात ओढले व दाराला कडी घातली.

५. मला दोष देणाऱ्यांत राहीबाई हिचा आवाज सर्वांत मोठा आहे. त्या सातांत गेलेला तिचा मुलगा नवसाचा, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला, हे मी नाकारीत नाही. परंतु खरे ते कागदावर आलेच पाहिजे. राहीबाईने आपला मुलगा एकदा नव्हे, दोनदा दीनाच्या मांडीवर घातला. पहिल्यांदा तो रडला, म्हणून देवीने नीट पदरात घेतला नसेल असे म्हणून ती पुन्हा ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी कर्ण्यावरूनच म्हटले होते की, बाई, एकीने एकदाच. कोणी हावरटपणा केला, त्याला अध्यक्षा काय करणार?

(हे वाक्य वाचून दाखविले. खोडू का, असे मी विचारले. राहीबाई म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या. खरं हाय.’ म्हणून राहू दिले आहे.)

६. आता मूळ तक्रार. गावात असे बोलले जाते की, सगळ्यांची लेकरे मांडीवर बसली, सरपंचांचा नातू तेवढा बसला नाही. सरपंचीणबाईला आधीच ठाऊक होते, तिने आपले पोर मागच्या मागे काढले आणि आमची पुढे केली. मी उत्तर दिले की, कानिफ त्या वेळी झोपला होता, आणि झोपलेले मूल उठवू नये हे कोणत्याही आईस माहीत असते. यावर या बायका हसल्या.

तेव्हापासून माझ्या घराला वाळीत टाकल्यासारखे आहे. चैत्राचे हळदीकुंकू केले, हरभरे भिजविले, कैरीची डाळ केली. एक बाई फिरकली नाही. दिवेलागणीला ती डाळ म्हशीपुढे ठेवावी लागली आणि म्हशीनेही तोंड फिरविले. मी विहिरीवर गेले की बायका भरली घागर तशीच सोडून बाजूला होतात. दळणाला बाई मिळत नाही. मला पाहून लहान मुलांना पदराखाली झाकतात, जणू पुरळ माझ्याच अंगावर आहे. सात मुले गेली त्या सातही घरी मी भेटीस गेले होते. सातही ठिकाणी मला दारातूनच परत धाडले.

मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. चार दिवसांपूर्वी भैरोबाच्या पारावर सगळ्या जमल्या असता मी गेले आणि विचारले की, एकदाचे सांगा, तुमचे समाधान कशाने होईल? तेव्हा राहीबाई जे बोलली ते तिच्या आग्रहावरून जसेच्या तसे लिहिते : ‘आमची लेकरं तुमच्या शब्दावर त्या पोरीच्या मांडीवर बसली. आता तुमचं बसू द्या. मग तुमच्या मनात पाप न्हवतं म्हनून आमी सांगू, साऱ्या गावाला सांगू.’ माझे डोके फिरले. मी पारावर हात आपटून म्हणाले की, बसविते. भैरोबाची शपथ, माझा नातू बसविते, मग तर झाले? त्यांनी झाले म्हटले.

सध्या गावात भागूबाईच्या मुलीला, बनीला, गोवर आला आहे. पुरळ कालच उठले. डहाळा बाजूला सारून बनीला मंडपात आणून बसविण्यास भागूबाई राजी आहे. तिचा धाकटा त्या सातांत गेलेला आहे. येत्या रविवारी दुसरा मेळावा ठरला असून कानिफला बनीच्या मांडीवर घालण्याचा मान माझा, आणि परत मागून घेण्याचा मान राहीबाईचा, असे सर्वानुमते ठरले आहे.

७. मी पारावरून घरी पोचले तो चूल विझलेली आणि पाळणा रिकामा. वाईट बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. सूनबाई पोराला घेऊन सापडेल त्या एस.टी.ने सुप्याला माहेरी गेली. जाताना सासूला वाकून नमस्कार नाही, देवापुढे दिवा नाही. तिच्या वडिलांना निरोप धाडला. त्यांनी उलट निरोप दिला की, विहीणबाईंनी स्वतः यावे, जेवावे, आणि एकट्यांनीच परत जावे. माझा मुलगा गोरक्ष नगरला एस.टी.त ड्रायव्हर आहे. त्यास कळविले, तर त्याने लिहिले की, आई, शपथ तू घेतली आहेस, तू निस्तर. बायकोचा बैल झालेल्या मुलाकडून दुसरे काय येणार. लहानपणी याच मुलाला गोवर आला होता तेव्हा मी नऊ दिवस जमिनीवर निजले होते, हे तो विसरला.

पोलीस पाटलांना विचारले. ते म्हणाले की, आईच्या कडेवरचे मूल काढून आजारी मुलीच्या मांडीवर ठेवण्याचे कलम कायद्यात नाही. नसेल. परंतु देवीची लस टोचणारे येतात तेव्हा कणगीत लपविलेली पोरे बाहेर ओढतात, दोघे धरतात, एक टोचतो, तिथे आईला कोण विचारतो? पाझर तलावात जमीन जाते तेव्हा मालकाला कोण विचारतो? एवढे लांब हात असलेल्या सरकारला अकरा महिन्यांचे एक पोर सुप्याहून उचलता येत नाही, हे मला पटत नाही. आणि हे काम सरकारचेच आहे. परिपत्रक सरकारचे, पंधरवडा सरकारचा, हारसुद्धा सरकारी पाहुण्याचा.

८. मुलाच्या प्रकृतीबद्दल काळजी नसावी. कानिफ म्हशीच्या दुधावर वाढलेला, अंगाने भरलेला, दोन दात आलेला असून धरून उभा राहतो. गोवर आज ना उद्या सर्वांनाच येतो. तो सरकारी देखरेखीखाली आला तर उत्तमच. मुलास काही झाले नाही तर माझा शब्द खरा ठरेल. काही झाले तर गावाचा हिशेब फिटेल, असे बायकांचे म्हणणे आहे. म्हणजे कसेही झाले तरी तंटा मिटतो, आणि तंटामिटवणी हे मंडळाच्या उद्देशांपैकी एक आहे.

(येथे भागूबाईने विचारले की, तुमच्या पोराला काय झालं तर तुमी रडाल ना? रडेन, असे मी सांगितले. ते लिहा म्हणाली, म्हणून लिहिले.)

९. सबब विनंती की, शनिवारपर्यंत जीप, एक महिला पोलीस व लेखी हुकूम सुप्यास पाठवून चि. कानिफनाथ यास गावी आणवावे. विलंब झाल्यास बनीचे पुरळ मावळेल आणि दुसरे मूल शोधावे लागेल. रविवारच्या कार्यक्रमास आपण स्वतः उपस्थित राहावे. हार आणला जाईल व तो आपल्याच गळ्यात घातला जाईल. तसेच ‘आदर्श महिला मंडळ’ म्हणून आमच्या मंडळाची शिफारस मागे ठेवल्याचे समजते, तिचा फेरविचार व्हावा. उपस्थितीत आमच्या मेळाव्याची बरोबरी तालुक्यातील एकही मेळावा करू शकला नाही, ही गोष्ट मुलांच्या मृत्यूमुळे खोटी ठरत नाही.

येणेप्रमाणे अर्ज लिहून, वाचून दाखवून, मातांनी ऐकून अंगठे दिले आहेत. राहीबाईचा अंगठा पहिला आहे. काही कमी लिहिले असल्यास ते पुढच्या मेळाव्यात तोंडी सांगू, असे त्यांचे म्हणणे आहे.

आपली नम्र, व शब्दाला बांधलेली,
सौ. लंकाबाई काकासाहेब सुद्रिक
अध्यक्षा, महिला मंडळ, बेलदरा
दि. ६ एप्रिल १९७१

सोबत :
१. मातांच्या अंगठ्यांचा कागद.
२. चि. कानिफनाथ याचा नगरच्या स्टुडिओत काढलेला फोटो, ओळख पटविण्याकरिता.
३. एक स्वतंत्र कागद, फक्त साहेबांनी वाचण्याकरिता.

(स्वतंत्र कागद)

साहेब,

अर्ज चावडीवर वाचून झाला. अंगठ्यांची शाई ओली आहे, वाळली की लखोटा बंद करते, असे सांगून मी कागद घरी आणले. हा कागद कोणासमोर वाचलेला नाही. सोबतच्या यादीत तिसरा आकडा मी घरी आल्यावर घातला.

सोबतचा अर्ज नामंजूर करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

अर्ज फाडून टाकता आला असता, हे मलाही समजते. पण लखोटा गेला की नाही हे राहीबाई स्वतः पाहणार आहे. ती उद्या सकाळी माझ्याबरोबर रस्त्यावर येईल आणि तो एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात पडेपर्यंत उभी राहील. आणि उत्तर आले नाही तर सुटका आहे, असेही नाही. शुक्रवारपर्यंत सरकारचे उत्तर आले नाही, म्हणजे सरकारची हरकत नाही, असे धरायचे ठरले आहे. शनिवारी साखर कारखान्याचा रिकामा ट्रक सुप्याकडे जातो. ड्रायव्हर आक्काबाईचा भाचा आहे. सगळ्या त्यात बसून जाणार. छबूचे वडील दारात आडवे पडतील, पण ते दम्याचे माणूस. इतक्या बायका अंगावरून गेल्या तर ते काय करतील? छबू एकटी किती वेळ पोर धरून ठेवील?

कानिफ त्या दिवशी झोपला नव्हता. जागा होता, हसत होता. नवे टोपडे घातले होते. जी ती बाई त्याचे गाल ओढीत होती, मला वाटले पोराला दृष्ट लागेल. मीच छबूला म्हटले, घेऊन जा घरी आणि मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाक. गोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हता. दुसऱ्यांच्या डहाळ्याला मी हसले आणि स्वतः दृष्टीला भ्याले. हे चावडीवर सांगितले तर कोणी खरे मानणार नाही. बायकांना वाटते की मला सगळे कळत होते. मला काही कळत नव्हते, साहेब. मला फक्त वाचता येत होते.

काल मी राहीबाईच्या घरी पुन्हा गेले. या वेळी तिने आत घेतले. पाट मांडला, पाणी दिले. मी पदर पसरला. आयुष्यात सासूशिवाय कोणापुढे वाकले नव्हते, ती तिच्यापुढे वाकले. म्हटले, मला काय करायचे ते करा, माझ्या तोंडाला काळे फासा, गाढवावर बसवा, पण पोराचे नाव सोडा. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, ‘बाई, मी तुमच्या लेकराचं वाईट चिंतीत न्हाई. ते जगलं तर मी त्याला माझ्या लेकरावानी खेळवीन. पर आधी बसवा.’ आणि माझ्या हातावर गूळ ठेवला.

सरपंच म्हणतात, शब्द गेला तर पुढच्या निवडणुकीत तोंड दाखवायला जागा नाही, आणि पोराला काही होत नाही, सगळ्यांनाच गोवर येतो. मीही गावासमोर तसेच म्हणते, आपण वर वाचलेच. पण पोरे आजारी असतानाही मी त्या सात घरांच्या दारांत उभी राहिलेली आहे. आत पोर खोकायचे आणि मग खोकायचे थांबायचे, आणि आई एकदम गप्प व्हायची. मला भीती वाटते. कानिफ मला ‘आजी’ म्हणायला शिकला आहे, नीट म्हणत नाही, नुसते ‘जी’ म्हणतो. मला त्याला पाहायचेही नाही. त्याला सुप्यालाच मोठे होऊ द्यावे, छबूने त्याला माझ्या नावाने शिव्या द्यायला शिकवले तरी चालेल.

गावात माझे कोणी ऐकणार नाही आणि सरपंचांचेही ऐकणार नाही. सरकारचे ऐकतील. राहीबाईला वाचता येत नाही, पण गोल शिक्का तिला ओळखता येतो.

आपणांस वेळ नसतो हे मेळाव्याच्या दिवशी कळले. म्हणून उत्तराचा मसुदा मीच खाली लिहून देते. आपण एखाद्या कारकुनाकडून उतरवून घ्यावा, सही करावी, शिक्का मारावा.

‘अर्जदार बाईस परिपत्रक वाचता आले, समजले नाही. तिने आजारी मुलगी तिच्या आईच्या मनाविरुद्ध, नवऱ्याचा खोटा निरोप सांगून, उठवून आणली. त्या मुलीच्या मांडीवर गावातील तान्ही मुले एकामागून एक ठेवली जात असताना ही बाई कर्ण्यावर बोलत उभी राहिली आणि तिने एकाही आईचा हात धरला नाही. सात मुले मेली ती हिच्या शहाणपणामुळे मेली. राहीबाईचे मूल हावरटपणामुळे मेले, हे अर्जदाराचे लिहिणे खोटे व नीच आहे. राहीबाईने जे केले ते कोणत्याही आईने केले असते. अशा बाईच्या शपथेवर सरकार आठवे मूल देऊ शकत नाही. चि. कानिफनाथ याने त्याच्या आईजवळ राहावे. त्यास आणावयास जो कोणी सुप्यास जाईल, त्यावर फौजदारी करण्यात येईल. अर्जदार बाईस अध्यक्षपदावरून काढण्यात येत आहे. अर्ज नामंजूर.’

हे मी चावडीवर स्वतः मोठ्याने वाचेन. कर्णा मिळाला तर कर्ण्यावरून वाचेन. शब्द कडक वाटले तर आणखी कडक करावेत, मऊ करू नयेत.

शुक्रवारच्या आत.

लंकाबाई